पूर्ण प्रकाश मागितला की विझणारे टॉर्च: एका शोधपथकाच्या सेलनिवडीचं प्रकरण

रात्री डोंगरात हरवलेल्या माणसांचा शोध घेणारं एक स्वयंसेवी पथक. त्यांच्याकडे एकाच बनावटीचे दहा नवे टॉर्च होते आणि लांब पल्ल्याचे दोन जुने. नव्या टॉर्चबद्दल सगळ्यांची तक्रार एकच. पूर्ण प्रकाशासाठी बटण दोनदा दाबलं की क्षणभर लख्ख उजेड पडतो आणि टॉर्च विझतो. मागची टोपी अर्धा फेरा सैल करून पुन्हा आवळली की लागतो, पण मध्यम उजेडावरच टिकतो. पुन्हा पूर्ण प्रकाश मागितला की पुन्हा अंधार.

माणूस पूर्ण प्रकाश मागतो तो कड्याच्या तोंडाशी उभा राहून खाली बघताना, किंवा ओढ्यापलीकडे काहीतरी हललं असं वाटतं तेव्हा. डोळे उजेडाला सरावलेले असतात, आणि उजेड गेल्यावर अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या मिनिटांत पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून ही तक्रार पथकाने गांभीर्याने घेतली होती, आणि मलाही ती तशीच घ्यावीशी वाटली.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की निघण्याआधी तळावर होणाऱ्या तपासणीत सगळे टॉर्च पास व्हायचे. पूर्ण प्रकाश लावा, मिनिटभर ठेवा, बंद करा. काही अडचण नाही. विझायचे ते दोन-तीन तासांनी, वर गेल्यावर. दोन टॉर्च विक्रेत्याकडे परत पाठवले, तेही ‘दोष नाही’ असा शेरा घेऊन आले. मग पथकात असं मत पडलं की सेल कमी पडतात, जास्त क्षमतेचे घ्यायला हवेत. मला प्रश्न आला तो याच रूपात: ‘५००० एमएएचपेक्षा मोठे कुठले सेल घ्यावेत?’ (एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलच्या साठ्याचं माप.)

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. आधी टॉर्च सेलकडे काय मागतो ते मोजायला घेतलं.

टॉर्च किती मागतो

हा टॉर्च एका २१७०० सेलवर चालतो. २१ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी, म्हणून २१७००. जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या १८६५० चं नावही तसंच पडलं आहे. आतला एलईडी साधारण ६ व्होल्टवर चालणारा आहे, आणि लिथियम-आयन सेल देतो पूर्ण भरलेला असताना ४.२ आणि सरासरी ३.६ व्होल्ट. म्हणजे मधल्या ड्रायव्हरला, एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, व्होल्टेज चढवून द्यावं लागतं. असा चढवणारा ड्रायव्हर एलईडीला ठरलेली शक्ती देतच राहतो, सेल भरलेला असो वा उतरलेला. उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो, आणि विकताना हा गुण म्हणून सांगितला जातो. गुण तो आहेच, पण त्याची किंमत सेल मोजतो.

हिशेब साधा आहे. पूर्ण प्रकाशात एलईडीला ४० वॉट लागतात. ड्रायव्हरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सेलमधून ४४ वॉट निघायला हवेत. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. व्होल्टेज उतरलं की तेवढेच वॉट काढायला अँपिअर वाढतात. त्यात प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. प्रवाह जितका जास्त, तितकं सेलच्या टोकांवरचं व्होल्टेज आणखी बसतं, आणि ते बसलं की ड्रायव्हर आणखी प्रवाह ओढतो.

पथकाकडच्या सेलचा रोध, त्यावरच्या संरक्षण पट्टीसकट (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मंडल तोडणारं छोटं सर्किट), ३० मिलिओहमच्या आसपास धरला. सेल ताजा भरलेला असताना भाराखाली व्होल्टेज ३.८ राहतं आणि प्रवाह ११.६ अँपिअर होतो. सेल निम्मा उतरला की विश्रांतीतलं व्होल्टेज ३.६५ वर येतं. आता पूर्ण प्रकाश मागितला तर टोकांवर जेमतेम ३.२४ व्होल्ट उरतात आणि प्रवाह १३.६ अँपिअरवर जातो.

सेलच्या माहितीपत्रकात पट्टी १२ ते १३ अँपिअरच्या दरम्यान मंडल तोडते असं लिहिलेलं होतं. तळावरच्या तपासणीत ११.६, म्हणजे पास. डोंगरावर १३.६, म्हणजे अंधार. टोपी सैल केली की भार सुटतो, पट्टी पूर्ववत होते आणि टॉर्च लागतो. विक्रेत्याने टॉर्च तपासला असणार तो पूर्ण भरलेल्या सेलवर. त्याला दोष सापडायचं कारणच नव्हतं.

खात्री करायला एकच प्रयोग पुरला. तेच सेल निम्म्यावर आणून, तळावरच्या उबदार खोलीत, पूर्ण प्रकाश मागितला. टॉर्च विझला. डोंगराचा, धक्क्यांचा, दमट हवेचा काही संबंध नव्हता.

इथे सेलला दोष देण्याचा मोह होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. सेल अस्सल होता आणि पट्टीने आपलं काम चोख केलं. त्या सेलवर सलग प्रवाहाची मर्यादा १० अँपिअर अशी छापलेली होती. १३.६ अँपिअर ओढणारा टॉर्च त्याला जोडणं हीच विसंगती होती. पट्टी नसती तर उजेड टिकला असता, पण सेलच्या पोटात दर क्षणी साडेपाच वॉट उष्णता तयार झाली असती, तीही गरम टॉर्चच्या बंद नळीत.

एमएएच मोठा की अँपिअर

२१७०० च्या आकारात दोन घराणी ठळक दिसतात. एक क्षमतेसाठी बनवलेलं, दुसरं प्रवाहासाठी. सॅमसंगचा ५०ई हा पहिल्या घराण्यातला ओळखीचा नमुना: सुमारे ५००० एमएएच, सलग प्रवाह जवळपास १० अँपिअर. मॉलिसेलचा पी४२ए दुसऱ्यातला: ४२०० एमएएच, पण ४५ अँपिअरपर्यंत. १८६५० मध्येही हाच भेद आहे. सॅमसंगचाच ३५ई ३५०० एमएएच आणि ८ अँपिअरचा. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएच आणि १५ अँपिअरचा.

यामागचं कारण सेलच्या आत आहे. धातूच्या डब्यात लांब, पट्टीसारखी विद्युतअग्रं (इलेक्ट्रोड) गुंडाळलेली असतात. विद्युतअग्रावरचा सक्रिय पदार्थाचा थर जाड ठेवला तर त्याच डब्यात जास्त लिथियम साठतं, पण आयनांना थरात आतपर्यंत जायला वेळ लागतो आणि रोध वाढतो. थर पातळ ठेवून विद्युतअग्र लांब केलं तर प्रवाहाला वाट मोकळी मिळते, पण तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आणि विभाजकाने जागा खाल्ल्यामुळे साठा घटतो. दोन्ही देणारे, म्हणजे ५००० एमएएच आणि २५ अँपिअर असे सेलही आता निघाले आहेत. तरी छापील आकडे बघताना दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघावेत. नुसता एमएएच मोठ्या अक्षरांत आणि अँपिअर कुठेच नाही असं आवरण दिसलं तर तो सेल जोरकस टॉर्चसाठी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

१५ मिलिओहम रोधाचा प्रवाही सेल याच टॉर्चमध्ये धरून हिशेब केला. भरलेला असताना ११ अँपिअर, निम्म्यावर १२.७ अँपिअर आणि टोकांवर तरीही ३.४६ व्होल्ट. सेलमध्ये तयार होणारी उष्णता अडीच वॉटच्या आत. ४५ अँपिअर झेपणाऱ्या सेलला हा भार जाणवतही नाही.

आता ऊर्जेकडे बघू. ५००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १८ वॉट-तास. ४२०० एमएएच म्हणजे १५.१ वॉट-तास. फरक जवळपास ३ वॉट-तासांचा. पथकातला माणूस रात्रभर चालतो तो तीन-चारशे ल्युमेनवर (ल्युमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप), आणि त्याला साडेतीन वॉटच्या आसपास पुरतात. म्हणजे प्रवाही सेल घेतल्याने प्रत्येक सेलमागे पाऊण-एक तासाचा चालण्यापुरता उजेड जातो. नुकसान आहे, पण सांभाळता येण्याजोगं.

याच हिशेबात आणखी एक आकडा निघाला आणि पथकाला तो सगळ्यात उपयोगी वाटला. पूर्ण प्रकाश रात्रीत एकूण दहा मिनिटं वापरला तर ४४ वॉटप्रमाणे सव्वासात वॉट-तास जातात. म्हणजे चालण्यापुरत्या उजेडाचे दोन तास! हे कळल्यावर पूर्ण प्रकाशाकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. आठ तासांच्या रात्रीसाठी, दहा मिनिटं पूर्ण प्रकाश धरून, सुमारे ३५ वॉट-तास लागतात. प्रवाही सेल दोन नेले तर ३० मिळतात, तीन नेले तर ४५. थंडी आणि जुनेपणा यांची घट धरता प्रत्येकी तीन सेल, हा आकडा इथेच ठरला.

दुसरी तक्रार, जिचा सेलशी संबंध नव्हता

काही जणांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचा टॉर्च विझत नव्हता, पण पूर्ण प्रकाश लावल्यावर एक-दोन मिनिटांत मंदावत होता. खोक्यावर ३५०० ल्युमेन आणि दोन तास असं छापलेलं. फसवणूक झाली असं त्यांना वाटत होतं.

एलईडीत जाणाऱ्या शक्तीपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश प्रकाश होतो, बाकीची उष्णता. इथे ड्रायव्हरची गळती धरून ३० वॉटच्या आसपास उष्णता हाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीतून बाहेर पडायला हवी. स्थिर हवेत, हाताला सोसेल इतक्या तापमानाला, अशी नळी फार तर सात-आठ वॉट टाकू शकते. म्हणून ड्रायव्हर तापमान बघून उजेड उतरवतो. जगातला कुठलाही सेल यात फरक पाडू शकत नाही.

खोक्यावरचे आकडेही खोटे नव्हते. टॉर्चसाठीच्या एफएल१ या मानकानुसार ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यापासून ३० ते १२० सेकंदांच्या आत, आणि चालण्याचा काळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ३५०० ल्युमेनवर सुरू होऊन लगेच ८०० वर आलेला आणि दोन तासांनी ३५० वर पोहोचलेला टॉर्चही त्या दोन्ही आकड्यांत बसतो. मानक माहीत नसेल तर वाचणारा दोन आकडे एकत्र जोडतो आणि दोन तास ३५०० ल्युमेनची अपेक्षा धरतो.

दूरचं बघायचं तर ल्युमेनऐवजी कँडेला, म्हणजे एका दिशेतल्या उजेडाची तीव्रता, बघावी लागते. पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, ते अंतर. मीटरमधला पल्ला म्हणजे कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००. पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. पथकाचे दोन जुने टॉर्च लहान एलईडी आणि खोल परावर्तकाचे होते आणि बारा-एक वॉटमध्येच दरीपलीकडचं दाखवत होते. त्यांत दोन १८६५० एकापुढे एक बसतात, सरासरी ७.२ व्होल्ट मिळतात, प्रवाह दोन अँपिअरच्याही खाली. इथे प्रवाही सेल घेणं म्हणजे क्षमता फुकट घालवणं. त्यांना ३५०० एमएएचचे, क्षमतेच्या घराण्यातले सेलच योग्य. एकाच पथकात दोन टॉर्चसाठी दोन उलट उत्तरं निघाली, ती याच हिशेबामुळे.

बाकीचे पर्याय

बैठकीत इतर प्रकारांची नावं आली, ती लवकर निकालात निघाली. अल्कलाइन एए सेल कुठेही मिळतात हा त्यांचा एकमेव मोठा गुण. त्यांचा रोध शेकडो मिलिओहममध्ये असतो, एक अँपिअरच्या वर ओढलं की छापील क्षमतेचा मोठा भाग हाती लागतच नाही, आणि विसरून राहिले तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळून टॉर्चचे संपर्क खातात. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपल्या ओळखीचे रिचार्जेबल एए, प्रवाह चांगला देतात आणि स्वभावाने सौम्य आहेत, पण २००० एमएएचचे तीन मिळून ७.२ वॉट-तास होतात. एका २१७०० च्या निम्म्याहून कमी. लिथियम आयर्न फॉस्फेट सुरक्षित आणि दीर्घायुषी, मात्र ३.२ व्होल्टचा आणि ऊर्जेला कमी. हा ड्रायव्हर त्याला ‘उतरलेला सेल’ समजला असता. सीआर१२३ए हे ३ व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल वर्षानुवर्षं टिकतात, पण जोरकस टॉर्चला ते जोडीने किंवा चौकडीने लागतात. त्यात जो धोका आहे तो पुढे येतोच.

एका प्रकाराला मात्र जागा मिळाली. लिथियम आयर्न डायसल्फाइडचे एए सेल. १.५ व्होल्ट, सुमारे ३००० एमएएच, वजन जेमतेम १५ ग्रॅम, उणे ४० अंशांपर्यंत चालतात, गळत नाहीत, आणि न वापरता वीस वर्षं टिकतील असं उत्पादक सांगतात. चार्ज होत नाहीत. प्रत्येकाच्या पिशवीत एक छोटा डोक्याचा दिवा या सेलसकट कायमचा ठेवायचा असं ठरलं, मुख्य टॉर्च हरवला, फुटला किंवा विझला तर खाली उतरण्यासाठी. एक बारीक खबरदारी घ्यावी लागली. हे सेल ताजे असताना भाराशिवाय १.८ व्होल्टपर्यंत दाखवतात, तीन मिळून ५.४. दिव्याच्या माहितीपत्रकात लिथियम एए चालतात असं लिहिलेलं आहे ना, ते बघूनच दिवे निवडले.

आणि १४५०० हा आकार साठ्यात ठेवायचाच नाही असा नियम केला. तो दिसतो हुबेहूब एएसारखा, पण आहे ४.२ व्होल्टचा लिथियम-आयन. थकलेल्या माणसाने अंधारात चाचपडत १.५ व्होल्टच्या दिव्यात तो घातला तर दिवा जळेल.

संरक्षण पट्टी ठेवायची की नाही

खरी चर्चा इथे झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. प्रवाही सेल बहुधा पट्टीशिवाय, उघडे मिळतात. पथकातल्या एका ज्येष्ठ सदस्याचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं, पट्टी आपल्याला अडचण वाटली म्हणून काढून टाकायची, हे फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालण्यासारखं आहे. आक्षेप वजनदार होता. त्याला उत्तर द्यायचं तर पट्टी काय काय करते ते एकेक करून बघायला हवं होतं.

पट्टी तीन गोष्टी अडवते: अति प्रवाह, अति चार्ज आणि अति उतरणं. अति चार्ज चांगला चार्जर अडवतो; ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर तो प्रवाह कमी करत आणतो आणि थांबतो. अति उतरणं टॉर्चचा ड्रायव्हर अडवतो का, हे तपासलं. टॉर्च बदलत्या व्होल्टेजच्या पुरवठ्यावर लावून व्होल्टेज हळूहळू खाली आणलं. ३ व्होल्टला उजेड उतरला, २.८ ला टॉर्च स्वतःहून बंद झाला. एक फट राहिली: इलेक्ट्रॉनिक बटण असलेला टॉर्च बंद असतानाही अगदी थोडा प्रवाह पीत राहतो, आणि महिनोन्‌महिने पडून राहिला तर उघडा सेल धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतो. म्हणून ठेवताना टोपी पाव फेरा सैल करायची.

अति प्रवाहाचं काय? टॉर्चच्या आत ड्रायव्हर प्रवाहाला मर्यादा घालतो. धोका आहे तो टॉर्चच्या बाहेर. सेलचा धातूचा डबा पूर्णपणे ऋण असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि धन टोक त्या कडेपासून एका कागदी कड्याने आणि पातळ आवरणाने वेगळं केलेलं असतं. ते आवरण फाटलं, किंवा सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर पडला, तर प्रवाही सेल क्षणात शंभर अँपिअरच्या वर देऊ शकतो. ज्येष्ठांचा आक्षेप या ठिकाणी शंभर टक्के बरोबर होता. त्यांच्याच आग्रहावरून नियम झाला: सेल टॉर्चमध्ये, चार्जरमध्ये किंवा झाकणाच्या प्लास्टिक डबीत; चौथी जागा नाही. आवरणावर ओरखडा दिसला तर नवं आवरण चढवल्याशिवाय सेल बाहेर जायचा नाही.

लांबीचाही एक मुद्दा होता. पट्टीचा सेल चार-पाच मिलिमीटर लांब असतो. उघडा सेल ७० मिलिमीटरचा. काही टॉर्चमध्ये तो सैल बसतो, आपटलं की संपर्क क्षणभर सुटतो. या टॉर्चला दोन्ही टोकांना स्प्रिंग असल्याने अडचण आली नाही. ज्यांच्या टॉर्चमध्ये धन टोकाभोवती उलटा सेल अडवणारं कडं असतं त्यांनी सपाट टोकाचा सेल घेण्याआधी तो टेकतो का ते बघावं.

दोन सेलचे टॉर्च वेगळ्या काळजीचे असतात. एकापुढे एक लावलेल्या सेलपैकी एक आधी रिकामा झाला तर दुसरा त्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि रिकाम्या सेलची धन-ऋण टोकं उलटतात. रिकामा सेल तापतो, वायू सोडतो, आणि जलरोधक टॉर्चच्या बंद नळीत वायूला जायला जागा नसते. एकदाच वापरायच्या सीआर१२३ए मध्ये नवा आणि जुना सेल जोडीला घातल्याने टॉर्च फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि लिथियमचे सेल फुटताना बाहेर पडणारा हायड्रोजन फ्लोराइड वायू अत्यंत विषारी असतो. म्हणून जुन्या दोन टॉर्चच्या सेलच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीवर एकच अक्षर लिहिलं. जोडी एकत्र चार्ज होते, एकत्र वापरली जाते, आणि एक बाद झाला तर दोघं बाद. इथे संरक्षण पट्टीचेच सेल ठेवले. दोन अँपिअरच्या भाराला ती कधी आडवी येत नाही, आणि एक सेल रिकामा होताच तीच मंडल तोडते.

थंडी

निम्म्या उतरलेल्या सेलचा हिशेब उबदार खोलीतला होता. शून्याखाली सेलचा रोध सहज दुप्पट होतो. पट्टीच्या सेलचा रोध ६० मिलिओहम धरला तर पूर्ण प्रकाशाला टोकांवर २.६ व्होल्टच उरतात, म्हणजे पट्टीने सोडलं तरी ड्रायव्हर टॉर्च बंद करणार. प्रवाही सेल ३० मिलिओहमवर जातो आणि तरीही ३.२ च्या वर उभा राहतो. थंडीत फिरणाऱ्या पथकासाठी कमी रोधाच्या बाजूने मला हे सगळ्यात वजनदार कारण वाटतं.

सुटे सेल आतल्या जाकिटाच्या खिशात, अंगाशी ठेवायचे. आणि गारठलेले सेल लगेच चार्जरला लावायचे नाहीत. शून्य अंशाखाली चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं. ही इजा भरून येत नाही, आणि बाहेरून दिसतही नाही. परतल्यावर सेल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबणं हा चार्जिंगचाच भाग समजायचा.

काय ठरलं

दहाही टॉर्चना नवे सेल घ्यावेत असा माझा पहिला कल होता. पथकातल्या एका तरुण सदस्याने त्यापेक्षा चांगलं सुचवलं. या टॉर्चमध्ये कमाल उजेडाची मर्यादा बसवता येते. ती निम्म्यावर आणली तर सेलमधून २२ वॉट निघतात, निम्म्या उतरलेल्या जुन्या सेलवरही प्रवाह साडेसहा अँपिअरच्या आत राहतो, आणि डोळ्याला उजेडातला फरक निम्म्याइतका मुळीच वाटत नाही. शिवाय टॉर्च तापायलाही वेळ लागतो, म्हणजे तो उजेड जास्त टिकतो. रांगेत चालणाऱ्यांना ३५०० ल्युमेनची गरज नव्हतीच.

म्हणून सहा टॉर्चवर मर्यादा बसवली आणि त्यांना जुने, चांगल्या स्थितीतले ५००० एमएएचचे पट्टीचे सेलच ठेवले. त्यांच्या शेपटाला पिवळी फीत. पथकप्रमुख आणि रांगेच्या दोन्ही टोकांचे मिळून चार टॉर्च पूर्ण ताकदीवर, त्यांना ४२०० एमएएचचे प्रवाही सेल. टॉर्चला लाल फीत आणि सेलला लाल आवरण. लाल सेल या दहापैकी कुठल्याही टॉर्चमध्ये चालतो. लाल टॉर्चमध्ये मात्र फक्त लाल सेल. अंधारात घाईने अदलाबदल झाली तरी एवढं एक वाक्य लक्षात राहतं.

खरेदीबद्दल थोडं. १८६५० मध्ये ९९०० एमएएच, २१७०० मध्ये आठ-नऊ हजार असे आकडे छापलेले सेल सर्रास विकले जातात. ते अशक्य आहेत. नेहमी मिळणारे चांगले १८६५० साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. वजनकाटा बरंच सांगतो: अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा, २१७०० सत्तरच्या आसपास. बराच हलका लागला तर उघडूनही बघू नये, परत करावा. आलेल्या प्रत्येक सेलवर महिना-वर्ष लिहिलं, रोध मोजून वहीत नोंदवला. रोध सुरुवातीच्या दीडपट झाला की तो सेल लाल टॉर्चमधून निवृत्त.

साठवणुकीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. लिथियम-आयन सेल पूर्ण भरून ठेवला तर लवकर म्हातारा होतो; निम्म्यावर, ३.७-३.८ व्होल्टला, थंड जागी ठेवणं त्याला मानवतं. पण हाक रात्री दोन वाजता येते, आणि ५००० एमएएचचा सेल एक अँपिअरने भरायला पाच तासांच्या वर लागतात. सध्या प्रत्येकाच्या तीनपैकी दोन सेल भरलेले आणि एक निम्म्यावर असतो, आणि दर महिन्याला पाळी बदलते. चार्जर ४.१ व्होल्टला थांबवला तर सुमारे दहा टक्के साठा सोडून आयुष्य बरंच वाढवता येतं. तसा चार्जर घ्यावा असं मी सुचवलं आहे. ज्येष्ठ सदस्यांना ते दहा टक्के सोडणं पटलेलं नाही. शोध लांबला तर तेच दहा टक्के कामी येतात, असं त्यांचं म्हणणं आहे. या हिवाळ्यातल्या रोधाच्या नोंदी हाती आल्यावर त्यावर पुन्हा बसायचं ठरलं आहे.